खाकी तीच, हजेरीचं रजिस्टर वेगळं

गेल्या आषाढीला मी माहेरी होते, पंढरपुरात. दशमीची रात्र, साडेअकरा वाजून गेलेले, प्रदक्षिणा मार्गावर पाय ठेवायला जागा नाही, आणि चौफाळ्याच्या जरा अलीकडे बांबूच्या बॅरिकेडपाशी माझी भाची उभी. माझ्या चुलत भावाची मुलगी, तेवीस वर्षांची, होमगार्डमध्ये आहे. मी घरून डब्यात चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन गेले होते, पण तिला डबा द्यायलाच मला वीस मिनिटं थांबावं लागलं, कारण दर मिनिटाला कोणीतरी म्हातारं माणूस येऊन विचारत होतं, माऊली वाळवंटाकडं कसं जायचं, माऊली आमची दिंडी चुकली, माऊली हितं पाणी कुठंय. ती प्रत्येकाला हाताला धरून दोन पावलं चालत जाऊन रस्ता दाखवत होती. सकाळी सहापासून उभी होती ती.

त्याच चौकात तिच्या बाजूला एक जिल्हा पोलीस दलातली बाई होती, आणि दहा पावलांवर ट्रकला टेकून एसआरपीचे, म्हणजे राज्य राखीव पोलीस बलाचे, चार जवान. लोकांच्या नजरेला तिघंही पोलीस. खाकी तीच, शिट्टी तीच, उन्हानं रापलेलं तोंडही तेच. पण एकाला महिन्याचा पगार आणि गावात घर, दुसऱ्याला पगार आहे पण घर कधी बघायला मिळेल माहीत नाही, आणि तिसरीला ड्युटी लागली त्या दिवसाचे पैसे, नाही लागली तर काही नाही. बंदोबस्त संपल्यावर बातमीत येतं 'पोलिसांचा चोख बंदोबस्त', आणि त्यात माझी भाची कुठे येते हे मला शोधून सापडत नाही, म्हणून म्हटलं आज यावर लिहूयाच.

आमच्या घरात होमगार्ड ही गोष्ट नवी नाही. माझे वडील, आम्ही अण्णा म्हणायचो, १९८० च्या दशकापासून होमगार्ड होते. त्यांचं सायकलचं दुकान होतं, पंक्चर, ओव्हरऑइल, भाड्याने सायकल वगैरे, आणि रविवारी सकाळी ते दुकान न उघडता इस्त्रीचा गणवेश घालून कवायतीला जायचे. आईची त्यावरून कुरकुर असायची पण तीच शनिवारी रात्री तांब्यात निखारे घालून शर्टाला इस्त्री करून ठेवायची. पैशासाठी अण्णा गेलेच नाहीत कधी, जो काही भत्ता मिळायचा तो चहापाण्यात जायचा. त्यांच्या पथकात एक शिक्षक होते, एक वकिलांचा कारकून, एक किराणावाला, दोन विणकर. तेव्हाचे जिल्हा समादेशक पण मानसेवीच असायचे, म्हणजे गावातले कोणी प्रतिष्ठित वकील डॉक्टर (आता ते काम अपर पोलीस अधीक्षकांकडे असतं). सगळ्यांचं पोट दुसरीकडे भरत होतं आणि वर्दी ही त्यांची हौस म्हणा, कर्तव्य म्हणा, दोन्ही होतं. होमगार्डचं ब्रीदवाक्य आहे 'निष्काम सेवा', ते अण्णांच्या पिढीला अगदी शब्दशः लागू होतं.

१९९३ च्या अनंत चतुर्दशीला अण्णा विसर्जनाच्या बंदोबस्तावर होते. २९ सप्टेंबर. पहाटे अडीच-तीनला घरी आले, बूट काढले, आडवे झाले, आणि चारच्या सुमाराला खिडकीची तावदानं वाजायला लागली. किल्लारीचा भूकंप. नंतर दोन दिवसांनी त्यांच्या पथकातल्या काही जणांना तिकडे नेलं. अण्णा आठ दिवसांनी परत आले आणि कित्येक दिवस नीट जेवत नव्हते. त्यांनी त्यातलं फार थोडं सांगितलं. एक सांगितलं ते लक्षात राहिलंय, की ढिगारा उपसायला लष्कर होतं, एसआरपी होती, आम्हाला काम दिलं होतं बघ्यांना मागं सारायचं आणि उघड्या पडलेल्या घरांतलं किडूकमिडूक कोणी उचलून नेऊ नये म्हणून रात्रभर बसायचं. मेलेल्या माणसांच्या पेट्या राखत बसलो, असं म्हणाले होते. हे काम कुठल्या अहवालात येत नाही. पण ते कोणीतरी करायला लागतंच, आणि ते करायला बंदुकीची गरज नसते, गावातला विश्वासाचा माणूस लागतो. मला वाटतं होमगार्ड कशासाठी असतो याचं याहून नेमकं उत्तर मी ऐकलेलं नाही.

आता जरा मागे जाऊया, कारण ही कल्पना आली कुठून हे मला स्वतःलाही मोठेपणी कळलं.

आमच्या सोलापूर जिल्ह्यात मे १९३० मध्ये काय झालं ते इकडच्या लोकांना माहीत आहे. गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, गोळीबार झाला, पोलीस चौक्या सोडून निघून गेले आणि दोन-तीन दिवस शहराची व्यवस्था काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी बघितली. मग सरकारने लष्कर आणलं आणि मार्शल लॉ लावला, त्यातूनच पुढे जानेवारी १९३१ मध्ये चार हुतात्म्यांना फाशी झाली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. मी हे इथे का सांगतेय, तर त्या गोष्टीत एक भोक दिसतं. काठीवाला शिपाई कमी पडला की त्याच्या पुढची पायरी थेट फौज. मधे काही नाही. आणि दुसऱ्या बाजूला, जे स्वयंसेवक चौकात उभे राहून गाड्या सोडत होते ते दाखवत होते की साधी माणसं शिस्तीने शहर सांभाळू शकतात, फक्त त्यांच्यावर भरवसा टाकणारं सरकार तेव्हा नव्हतं.

ते सरकार आलं १९४६ ला. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आणि गृहखातं मोरारजी देसाईंकडे. त्या वर्षी फेब्रुवारीत मुंबईत नाविकांचं बंड झालं होतं, सप्टेंबरपासून हिंदू-मुस्लिम दंगली सुरू झाल्या त्या थांबता थांबेनात, पोलीस थकलेले, आणि प्रत्येक वेळी गोरी पलटण बोलवायची हे नव्या मंत्र्यांना पटण्यासारखं नव्हतं. ६ डिसेंबर १९४६ ला मुंबईत होमगार्डची स्थापना झाली. नाव घेतलं इंग्लंडवरून. तिकडे १९४० च्या मे महिन्यात जर्मन उतरतील या भीतीने युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी रेडिओवरून नागरिकांना बोलावलं होतं, त्या दलाला आधी वेगळं नाव होतं, चर्चिलने दोन महिन्यांत ते बदलून होमगार्ड केलं. पण नावापलीकडे दोन्हींत फार सारखेपणा नाही. तिकडचा होमगार्ड परकीय सैन्याशी लढायला होता आणि युद्ध संपल्यावर बंद झाला. आपला होमगार्ड आपल्याच गल्लीतल्या दोन जमावांच्या मधे उभं राहायला होता, आणि तो आजतागायत चालू आहे. १९४७ ला मुंबईत त्याचा कायदा झाला. त्यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, ती होमगार्डमधल्या पोरापोरींनी पाठच करून ठेवावी: ड्युटीवर बोलावलेला असेल तेव्हा होमगार्डला पोलिसाचेच अधिकार आणि पोलिसाचंच संरक्षण असतं. १९६२ च्या चीन युद्धानंतर केंद्राने सगळ्या राज्यांना सांगितलं की तुमच्याकडे जी काही स्वयंसेवी दलं असतील ती एका साच्यात आणा, मग हा मुंबईचा नमुना देशभर झाला. आज देशात होमगार्डची मंजूर संख्या पावणेसहा लाखांच्या आसपास आहे.

एक सहज आठवलं म्हणून सांगते. होमगार्डचा स्थापना दिन ६ डिसेंबर, आणि १९५६ पासून ६ डिसेंबर म्हणजे बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. दादरला चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात. म्हणजे मुंबईतले होमगार्ड स्वतःच्या दलाच्या वाढदिवशी शिवाजी पार्कच्या परिसरात रांगा लावत, हरवलेली पोरं आईबापाकडे पोचवत उभे असतात. मला ही जुळणी फार योग्य वाटते.

आता एसआरपी. लोक होमगार्ड आणि एसआरपी यांना एकाच पिशवीत टाकतात पण ही दोन टोकं आहेत. होमगार्ड म्हणजे मदतीला धावणारा नागरिक. एसआरपी हे पूर्णवेळ, हत्यारबंद, कंपनी-प्लाटून-सेक्शन अशी लष्करी बांधणी असलेलं दल, फक्त ते जिल्ह्याच्या रोजच्या पोलिसांत मोजायचं नाही, बाजूला राखून ठेवायचं आणि लागेल तिथे पाठवायचं. पहिला गट ६ मार्च १९४८ ला पुरंदरला उभा राहिला. तारीख बघा. फाळणीची जखम ताजी, गांधीहत्येला पाच आठवडे झालेले, पश्चिम महाराष्ट्रात जाळपोळ होऊन गेलेली, आणि बार्शीच्या पलीकडे निजामाची हद्द, तिथून रझाकारांचा त्रास. मघाशी म्हटलं ना सोलापूरच्या गोष्टीत मधली पायरी नव्हती, ती पायरी ही. १९५१ ला वेगळा कायदा झाला. आता पुण्यात गट आहेत, दौंडला दोन आहेत, जालना, नागपूर, धुळे, अमरावती, हिंगोली, मुंबईत गोरेगाव, आणि आमच्या सोलापूरला दहा नंबर.

आषाढी-कार्तिकीला एसआरपीच्या कंपन्या आल्या की त्यांचा मुक्काम शाळेत किंवा मंगल कार्यालयात असतो. आमच्या शाळेतही असायचा. वर्गातले बाक एकावर एक रचलेले, फळ्याखाली वळकट्या, मैदानात मोठ्या पातेल्यात डाळ शिजतेय, आणि बनियनवर बसून कोणीतरी घरी पत्र लिहितंय हे मी लहानपणी खिडकीतून बघितलंय. तेव्हा मजा वाटायची. आता कळतं की ती माणसं वर्षातले किती महिने असं दुसऱ्याच्या शाळेत झोपतात. दंगल, निवडणूक, गणपती, मोर्चा, गडचिरोली, परत निवडणूक. ठराविक वर्षं झाली की जिल्हा पोलिसांत बदली मागता येते, आणि जवळजवळ प्रत्येक जवान त्या वर्षाची वाट बघत असतो.

माढा तालुका आमच्या शेजारचा. तिथल्या सुलतानपूर गावचा राहुल शिंदे हा एसआरपीचा जवान २६/११ ला ताजमध्ये अतिरेक्यांशी लढताना गेला. गावाने त्याचं स्मारक केलं आणि पुढे गावाचं नावच राहुल नगर करून घेतलं. त्याच रात्री सीएसटीला मुकेश जाधव गेला, तो होमगार्ड होता. शहिदांची नावं आपण वाचतो तेव्हा मोठ्या अधिकाऱ्यांची तीन-चार नावं आपल्याला तोंडपाठ असतात आणि ते बरोबरच आहे, त्यांचा मान आहेच. पण त्या यादीत खाली 'होमगार्ड' असं एक पद लिहिलेलं आहे, तिथे बोट ठेवून जरा थांबायला हवं. होमगार्डच्या हातात साधारणपणे काठी असते. तो त्या रात्री त्या स्टेशनवर उभा होता आणि त्याची नोंदणी स्वयंसेवक म्हणून होती.

दुसरी बाजू पण लिहायलाच पाहिजे, नाहीतर हे नुसतं कौतुक होईल. ११ जुलै १९९७, घाटकोपर, माता रमाबाई आंबेडकर नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक हायवेवर आले, आणि एसआरपीच्या तुकडीने गोळीबार केला. दहा माणसं गेली. गुंडेवार आयोग बसला, २००९ मध्ये तुकडीच्या प्रमुख अधिकाऱ्याला कोर्टाने दोषी ठरवलं. मी कायद्याची जाणकार नाही, पण मला त्या घटनेत राखीव दलाचा मूळ दोष दिसतो. बाहेरून ट्रकमधून आलेला जवान त्या वस्तीत कोणालाच ओळखत नाही, त्याच्यासाठी समोर फक्त जमाव असतो. कोण रडतंय, कोण रागावलंय, कोणाची पोरं दहावीला आहेत हे माहीत असलेला माणूस समोर असता तर गोळी सुटायच्या आधी दोन मिनिटं बोलणं झालं असतं असं मला मनापासून वाटतं. तो माहितीतला माणूस म्हणजेच खरंतर होमगार्ड असायला हवा होता, म्हणून तर त्याची नोंदणी तालुक्या-पथकाप्रमाणे होते.

पण मग नुसता स्थानिक माणूस घेतला की झालं असंही नाही. छत्तीसगडमध्ये बस्तरला, म्हणजे आपल्या गडचिरोलीच्या पलीकडे, सरकारने स्थानिक आदिवासी पोरांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून भरती केलं, महिना ३ हजार रुपये मानधन, शिक्षणाची अट पाचवी, आणि हातात बंदूक देऊन नक्षलवाद्यांच्या समोर उभं केलं. ५ जुलै २०११ ला सुप्रीम कोर्टाने ते घटनाबाह्य ठरवलं. समानतेच्या आणि जगण्याच्या हक्काचा भंग म्हटलं. मला त्या निकालातला गाभा असा समजला, की पोलिसाइतकाच धोका पत्करायला लावायचा आणि पोलिसाचं शिक्षण, पगार, संरक्षण यातलं काही द्यायचं नाही, हे चालणार नाही. (तसं बघितलं तर ही युक्ती जुनी आहे, इंग्रजांनी १८२५ ला खानदेशात भिल्ल कोअर ही भिल्लांची पलटण काढली ती जेम्स आउट्रमने धरणगावला, ज्यांच्याशी लढत होते त्यांनाच गणवेश देऊन. पण तिथे निदान नियमित नोकरी होती.)

आणि इथेच मी परत माझ्या भाचीपाशी येते. अण्णांचं सायकलचं दुकान होतं. तिचं काय आहे? बीए झालीय, घरी दोन एकर, त्यात पाण्याची बोंब, लहान भाऊ शिकतोय. ती होमगार्डला गेली तेव्हा आठशे मीटर धावली, गोळा फेकला, मैदानावर तिच्यासारख्या शेकडो पोरी होत्या, कित्येकजणी पदवीधर. दहावी पासची अट असलेल्या 'स्वयंसेवी' कामाला पदवीधर पोरींची रांग लागते तेव्हा ते काम स्वयंसेवी उरलेलं नसतं हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. पोलीस भरतीत होमगार्डना ५ टक्के आरक्षण आहे, तीन वर्षं सेवा झालेली पाहिजे. ती तीन वर्षं पूर्ण करायची आणि भरतीला बसायचं हे तिचं आणि तिच्या मैत्रिणींचं गणित. निष्काम नाही ते. आणि का असावं निष्काम?

२०१५ ला सुप्रीम कोर्टाने हिमाचलच्या होमगार्डांच्या खटल्यात सांगितलं, की यांना कायम करा असं आम्ही म्हणणार नाही, पण भत्ता असा द्या की महिन्याचे ३० दिवस धरले तर पोलिसाच्या किमान पगाराइतका होईल. आपल्याकडे त्यानंतरही बरीच वर्षं ५७० रुपये रोजावर गाडी अडली होती. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये निर्णय झाला, ५७० चे १,०८३ झाले, कवायतीचा भत्ता ९० चा १८० झाला. हा मोठा बदल आहे आणि तो झाला त्या दिवशी आमच्या घरी खरोखर पेढे आले. १,०८३ ला ३० ने गुणलं की ३२ हजार ४९० होतात, चांगलेच पैसे आहेत. पण महिन्याचे तीस दिवस ड्युटी कोणाला लागते? सणासुदीला, निवडणुकीला सलग लागते, मग एखाद्या महिन्यात चारच दिवस. पैसेही कधी वेळेवर येतात, कधी दोन-दोन महिने येत नाहीत. बँकेत कर्जासाठी गेलं तर पगारपत्रक मागतात, ते नाही. लग्नाच्या स्थळाला सांगायचं तर 'मुलगी पोलिसात आहे का' या प्रश्नाला हो म्हणता येत नाही आणि नाही म्हणवत नाही.

मी तिला त्या रात्री विचारलं, अगं ड्युटी लागली नाही त्या दिवशी काय करतेस? म्हणाली, "पळते आत्या. सकाळी पळते, दुपारी लायब्ररीत बसते. अन् खरं सांगू का, ड्युटी असली की बरं वाटतं, कोणीतरी आपल्याला काहीतरी विचारतंय असं."

२०२३ ला मुंबई पोलिसांत मनुष्यबळ कमी म्हणून महाराष्ट्र सुरक्षा बलाचे ३ हजार जवान अकरा महिन्यांच्या कंत्राटावर घ्यायचं ठरलं तेव्हा बरीच चर्चा झाली, कंत्राटी पोलीस म्हणून. चर्चा झाली ते चांगलंच झालं. पण मला तेव्हा वाटलं की अहो, दिवसाच्या बोलीवर खाकी घालून उभं राहणारी माणसं तर आपल्या प्रत्येक तालुक्यात कधीपासून आहेत, त्यांच्याबद्दल अशी चर्चा का होत नाही. माझं मागणं फार मोठं नाही. सगळ्यांना कायम करा असं मी म्हणत नाही, अण्णांसारखे दुकान सांभाळून येणारे लोक पण या दलात राहिले पाहिजेत, नाहीतर ते नागरिकांचं दल राहणारच नाही. पण ज्यांचं पोट यावर आहे त्यांना वर्षाचे किमान किती दिवस काम मिळेल हे आधी सांगा, पैसे ठरल्या तारखेला द्या, आणि ड्युटीवर काही झालं तर पोलिसाला जे उपचार आणि जी भरपाई मिळते ती द्या. अधिकार पोलिसाचे देता ना, कायद्यात लिहिलंय तसं, मग बाकीचंही द्या.

द्वादशीला दुपारी ती घरी आली. बूट काढले तर दोन्ही पायांच्या टाचा सोललेल्या. वहिनीने हळद-तेल लावलं. सरकारी बूट एक नंबर मोठा आहे, बदलून मिळायला वेळ लागतो म्हणून ती दोन मोजे घालते. मी पुण्याला परत आल्यावर तिला तिच्या मापाचे काळे बूट घेऊन कुरिअर केले, आणि पळायचे वेगळे. तिला फेब्रुवारीत तीन वर्षं पूर्ण होतात.